हापशाचा कान

नागुबाईनं डोक्यावरचं पोतं शेडसमोर आदळलं, तेव्हा चांगुणा एका विळ्याला धार लावत बसली होती. मान वर न करताच तिला कळलं, आत बीड आहे. पोलाद पडलं तर खणखणतं. बीड म्हणजे ओतीव लोखंड. ते पडलं की नुसतं ‘हं’ म्हणतं, रुसलेल्या सासऱ्यासारखं.

पोत्यातून हापशाचं डोकं निघालं. हापशाचा दांडा ज्या दोन कानांमध्ये खिळीवर झुलतो, त्यातला उजवा कान मुळापासून तुटला होता. तो तेवढा नागुबाईनं वेगळ्या फडक्यात गुंडाळून आणला होता. मूठभर तुकडा, पण त्याच्यावाचून सगळा हापसा म्हणजे जमिनीत रोवलेलं नुसतं लोखंड.

“आक्का, सोमवारच्या आत सांधून द्या,” ती म्हणाली आणि दारातच बसली. तिनं पाणी मागितलं नाही. त्या दुष्काळाच्या साली पाहुण्यानं पाणी मागायचं नाही आणि घरच्यानं दिल्याशिवाय राहायचं नाही, अशी रीतच पडली होती. चांगुणानं अर्धा तांब्या भरून पुढं केला.

नागुबाई म्हणजे चांगुणाच्या धाकट्या भावाची, ग्यानोबाची बायको. निलंग्याहून एसटीनं तासाभरावर त्यांचं गाव, आणि गावाच्या खालच्या अंगाला त्यांची वस्ती. वस्तीतली सगळी घरं छप्पन सालानंतर बौद्ध झालेली. मागच्या मोठ्या दुष्काळानंतर तिथं खडकात भोक पाडून हा हापसा बसला होता. यंदा गावातल्या विहिरी आटल्या, आड आटले, पण हापसा काही आटला नाही. मग वरचं गाव घागरी घेऊन खाली उतरलं. बाया यायच्या, आधी दांडा आणि तोटी राखेनं खसाखसा घासायच्या, मग धरायच्या. वस्तीचे हात लागलेला दांडा तसाच कसा धरणार? पाण्याला मात्र राख लावता येत नव्हती, म्हणून ते तसंच प्यायच्या. वस्तीतल्या बायका बाजूला उभ्या राहून बघायच्या. दुष्काळात कुठं भांडण काढायचं, असं म्हणून गप्प बसायच्या. पहाटेपासून अंधार पडेपर्यंत दांडा थांबत नव्हता. एवढं हापसल्यावर कान तुटायचाच. कुणाच्या हातून तुटला ते कुणी सांगत नव्हतं. वस्तीतला हात असता तर गावानं दवंडी पिटली असती.

लातूर नवा जिल्हा होऊन वर्षसुद्धा झालं नव्हतं. ग्यानोबा जुन्या जिल्ह्याच्या कचेरीत गेला, तर तिथले म्हणाले, तुमचं गाव आता आमच्यात नाही. नव्या जिल्ह्याच्या कचेरीत गेला, तर तिथले म्हणाले, गाव आमचंच, पण सामान अजून यायचं आहे. दोघंही खरंच बोलत होते, त्यामुळं भांडायचीसुद्धा सोय नव्हती. सोमवारी मात्र लातूरचे साहेब जीप घेऊन हापसे बघायला यायचे होते. चालू हापसा जागेवर राहणार. बंद असेल त्याचे पाइप उपसून नवा हापसा गाव सांगेल तिथं बसणार. आणि गाव म्हणजे अमृतराव सरपंच. चावडीसमोर बसवू, सगळ्यांच्या सोयीचं होईल, असं त्यांनी गोड आवाजात सांगूनही टाकलं होतं. चावडीसमोर एक आड होता. त्यात वस्तीतल्या कुणाचा दोर आजवर गेला नव्हता.

“हापसा चावडीवर गेला की आमी परत वंजळीवर आलो बगा, आक्का,” नागुबाई म्हणाली. “वरून कुनी वतंल तवा प्यायचं.”

ओंजळीवर पाणी प्यालेली चांगुणाला तिची आई आठवत होती. तिनं विळा बाजूला ठेवला आणि तुटका कान हातात घेतला.

निलंग्यात स्टँडच्या मागची ही पत्र्याची शेड तिच्या नवऱ्यानं, निवृत्तीनं उभी केली. धर्मांतराच्या साली त्यानं गावकीची कामं सोडली, लातूरला एका तेलगिरणीत हमाली धरली आणि गिरणीच्या वर्कशॉपात बीड सांधायला शिकून आला. बीड घणानं ठोकून जुळत नाही, ठोकलं की त्याचे चार तुकडे होतात. तुटलेली दोन्ही तोंडं कानशीनं चकचकीत करायची, सांधा धरावा म्हणून मध्ये टाकणखार भुरभुरायचा, तुकडा जागेवर बसवून भोवती कोळशाची भट्टी पेटवायची आणि वरून स्क्रूच्या दाबानं आवळायचं. वितळायच्या जरासं अलीकडं बीड मऊ येतं. त्या घटकेला दाब मिळाला तर दोन्ही तोंडं एकजीव होतात. घटका चुकली की कामही गेलं आणि वस्तूही गेली. मोडीत निघालेल्या सरकीच्या प्रेसचा मांडीएवढा जाड स्क्रू निवृत्तीनं कुठून तरी पैदा केला आणि रुळाच्या दोन तुकड्यांमध्ये उभा बसवला. निवृत्ती भट्टीच्या एका अंगाला आगीशी, चांगुणा दुसऱ्या अंगाला स्क्रूच्या लांब दांड्याशी, असा त्यांचा संसार झाला. इंजिनांचे पाय, चरकाचे दाते, डाळमिलची चाकं, काय काय तिच्या दाबाखालून गेलं. नाव मात्र निवृत्ती मिस्त्रीचं झालं.

निवृत्ती जाऊन दोन वर्षं झाली होती. तेव्हापासून बीड घेऊन कुणी आलं नव्हतं. लोक विळे आणायचे, कुऱ्हाडी आणायचे, आणि स्क्रू मोडीत घालून टाक असा सल्ला जाता जाता फुकट देऊन जायचे. चांगुणा दर महिन्याला त्या स्क्रूला तेल घालायची. सल्ला देणाऱ्याला तिचं तेवढंच उत्तर होतं.

शेजारी शिवप्पाचं गॅस वेल्डिंगचं दुकान होतं. पोतं बघून तो हात पुसत आला. कानडी मुलखातला माणूस, नको म्हणायचं झालं की आधी कानडीत म्हणायचा.

“बेडा, आक्का, नको. बीड म्हंजे वाळली भाकर. मोडली ती मोडली. मी गॅसनं चिकटवीन, पण बाजूला तडकून जातंय. आन तुमी आग कवा बगितलीया? आग मिस्त्री बगत व्हते.”

चांगुणाला राग आला, कारण तो खरं बोलत होता. खोटं बोलला असता तर तिनं हसून सोडून दिलं असतं. तिनं शिवप्पाला सांगितलं की कोळसा लागला तर मागायला येईन, सल्ला लागला तर येणार नाही. शिवप्पा बिचारा चांगला माणूस. संध्याकाळी कोळशाचं अर्धं पोतं आपणहून आणून ठेवून गेला.

शनिवारी तिनं आधी भंगारातल्या एका तुटक्या चाकावर हात बसवायचं ठरवलं. नागुबाईला भात्यावर बसवलं आणि स्वतः निवृत्तीच्या जागेवर, आगीसमोर उभी राहिली. स्क्रूचा दांडा आवळून तसाच सोडून दिला. आता बघायचं, बीड कधी मऊ येतं ते. ती डोळे फाडून बघत राहिली. चाक काळं होतं ते तांबडं झालं, तांबड्याचं केशरी झालं. आता म्हणावं का? अजून जरा? डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं, ते पदरानं पुसेपर्यंत आगीत काहीतरी हललं. ती धावत दांड्याशी गेली, पण उशीर झाला होता. चाकाचा तुकडा ओल्या ढेकळासारखा खाली बसला आणि निखाऱ्यांत मिसळून गेला.

नागुबाईचा हात भात्यावर थांबला. पुढच्या खेपेला जागेवर हापशाचं डोकं असणार होतं, आणि ते एकच होतं.

चांगुणा शेडच्या खांबाला टेकून बसली आणि मेलेल्या नवऱ्याला मनातल्या मनात शिव्या घालू लागली. एवढी वर्षं मला दांड्याला जुंपलं, आग कशी बघायची ते एकदा सांगितलं असतं तर काय बिघडलं असतं? जाताना चटणी कुणाकडं उधार राहिली तेसुद्धा सांगून गेलात, हे तेवढं राहिलं. तिला रडू आलं. ते आग चुकली म्हणून होतं की माणूस नाही म्हणून, हे तिचं तिलाही सांगता आलं नसतं.

रडता रडता तिला त्यांचं नेहमीचं भांडण आठवलं. स्क्रू एकदा आवळला की आपला आपण घट्ट बसतो. तरी निवृत्ती तिला दांडा सोडू द्यायचा नाही. हात भरून यायचे, खांदे दुखायचे, पण ‘धरून ऱ्हा’ एवढंच म्हणायचा. कशाला, ते कधी सांगायचा नाही. आणि दुसरं भांडण याहून जुनं. आगीकडं बघणारा माणूस खाली बघतो. निवृत्ती तर कायम वर, तिच्याकडं बघत असायचा. लग्नानंतरच्या दिवसांत ती लाजायची. पुढं पुढं चिडून म्हणायची, माझ्याकडं काय बघता, आगीकडं बघा. तो हसायचा, आणि मग एकदम म्हणायचा, ‘हां, आवळ.’

त्या ‘हां’च्या आधी दरवेळी तिच्या तळहाताला काय लागायचं? ताठ असलेला दांडा किंचित ढिला पडायचा. भिजलेली कणीक बोटाखाली सैल येते तेवढाच. तिचा खांदा आपोआप खाली यायचा. आणि मग तो म्हणायचा, ‘हां.’

चांगुणा ताडकन उठून उभी राहिली. तो आग बघतच नव्हता. तो तिचा खांदा बघत होता.

“नागू,” ती म्हणाली, “ह्या मानसानं मला इतकी सालं येडी बनीवली.” आणि डोळे पुसत पुसत ती इतकं हसली की शिवप्पा दुकानातून डोकावून गेला. तिला त्याचा राग आला, मग कौतुक वाटलं, मग पुन्हा राग आला. मिस्त्रीचं नाव झालं ते निम्मं आपलं होतं, हे त्याला ठाऊक होतं आणि तो सांगायला विसरला, की सांगावंसं वाटलं नाही? आता विचारायचं कुणाला. पण निम्मं आपलं होतं, एवढं तिनं त्या दिवशी घेऊन टाकलं.

रविवारी सकाळी तिनं कान आणि डोकं दोन्हीकडून कानशीनं घासलं, टाकणखार लावला, कान जागेवर बसवला, वर भट्टीची वीट ठेवली आणि स्क्रू खाली आणला. आणखी एकदा भंगारावर करून बघायला वेळ नव्हता, कारण सांधलेलं बीड दिवस-रात्र गरम राखेत आपलं आपण निवावं लागतं. घाई केली, पाण्याचा थेंब लागला किंवा नुसता वारा लागला तरी तडकतं. शिवप्पानं आपला एक गडी मदतीला देऊ केला. तिनं नको म्हटलं.

“नागू, भाता थांबवू नको. हात गेला तरी थांबवू नको. माझ्याकडं बगत ऱ्हा.”

“आन आगीकडं कोन बगंल?”

“कुनी न्हाई,” चांगुणा म्हणाली आणि आगीकडं पाठ केली.

तिनं दोन्ही तळहात दांड्यावर ठेवले आणि अंगाचा थोडा भार टाकला. दांडा दगडासारखा ताठ होता. भात्याचा आवाज, कोळशाचं तडतडणं, स्टँडवर गाड्यांचे पुकारे. पाठ भाजू लागली. मध्ये एकदा तिला वाटलं, हलला. पण तो तिचाच श्वास होता. स्टँडवरनं आलेले दोघं-तिघं बघे उभे राहिले. बाई पाठ करून काय सांधतेय, असं त्यांतला एक म्हणाला. शिवप्पानं त्याला हातानं गप्प केलं. चांगुणाच्या खांद्यात कळ उठली, बोटं बधिर झाली, आणि बधिर हाताला काही कळणार नाही या भीतीनं तिनं एकेक बोट दांड्यावर दाबून बघितलं. भीती वाटली तरी तिनं मान वळवली नाही.

मग दांडा ढिला पडला. अगदी किंचित. कुणी सांगितलं नाही, कुणी ‘हां’ म्हटलं नाही. तिनं दांडा छातीशी ओढला, पाव फेरा, अजून जरासा, आणि पुढं तो आपणहून अडला तिथं थांबली. त्याहून जास्त ओढला असता तर कान चेपला असता.

“बस,” ती नागुबाईला म्हणाली. “सोड आता भाता.”

दोघींनी मिळून ते डोकं तापल्या राखेच्या खड्ड्यात पुरलं, वर राखेचा ढीग घातला आणि त्याच्यावर पत्रा झाकला. नागुबाईला धीर निघेना. एकदा बोटभर उकरून बघू का, म्हणाली. चांगुणा जाऊन त्या खड्ड्याशेजारी पाट टाकून बसली आणि दिवसभर तिथून हलली नाही.

सोमवारी पहाटे राखेतून डोकं निघालं तेव्हा कानाच्या मुळाशी जुन्या जखमेच्या वळासारखी एक जाड रेघ होती. चांगुणानं हातोडीच्या दांड्यानं हलकेच टिचकी मारली. कान ‘हं’ म्हणाला. तुटका असता तर खडखडला असता. नागुबाई म्हणाली, रेघ कानशीनं घासून सपाट करू, दिसायला बरं.

“दिसू दे,” चांगुणा म्हणाली.

पहिल्या गाडीनं दोघी गावात पोचल्या. ग्यानोबा आणि वस्तीतल्या पोरांनी डोकं पाइपावर चढवलं, खीळ घातली, दांडा लावला. जीप आली तेव्हा ऊन चांगलं चढलं होतं. अमृतराव पांढऱ्या टोपीत, साहेबांच्या शेजारी उभे राहिले. साहेब तरुण होता, सकाळपासून गावं हिंडून दमलेला. त्यानं स्वतः दांडा धरला. कोरडा पाइप, नुसती हवा खेचत राहिला. तो हापसत होता आणि पाणी येत नव्हतं. अमृतरावांनी घसा साफ केला. नागुबाईनं चांगुणाचा दंड इतका घट्ट धरला की बोटं रुतली. मग आतून गुडगुड आवाज आला आणि तोटीतून आधी गढूळ, मग निवळ पाणी साहेबाच्या बुटांवर पडलं.

“चालू आहे,” साहेब म्हणाला. “राहू द्या इथंच. नवं डोकं आलं की इथंच बदलू.”

अमृतराव हसून म्हणाले, “सायेब, सांधलेला कान हाय त्यो. आज हाय, उद्या न्हाई. दुष्काळात गावानं कुनाच्या भरवशावर ऱ्हायचं?”

प्रश्न वाजवी होता. साहेबानं कानावरच्या त्या रेघेवरून बोट फिरवलं आणि कुणी सांधलं म्हणून विचारलं. माणसं आपोआप बाजूला झाली. चांगुणा पुढं आली. तिनं साहेबाला नमस्कार केला, पण बोलली ती अमृतरावांकडं बघून.

“तुटला तर परत सांधीन. जितक्या डाव तुटंल तितक्या डाव सांधीन. पन हापसा इथनं हलनार न्हाई.”

अमृतराव हसत होते ते थोडा वेळ तसेच हसत राहिले. साहेबानं वहीत ‘चालू’ असं लिहिलं आणि जीप पुढच्या गावाला गेली.

वस्तीतल्या बायकांनी आधी आपल्या घागरी भरल्या. तोवर वरच्या आळीच्या बाया येऊन रांगेत उभ्या राहिल्या. सगळ्यांत पुढं अमृतरावांच्या आई, गुणाबाई. सत्तरी ओलांडलेली बाई, पण कंबर ताठ. त्यांनी नेहमीप्रमाणं कागदाच्या पुडीतली राख मुठीत घेतली आणि दांड्याकडं हात नेला.

चांगुणा हापशाच्या ओट्यावर बसली होती. तिनं उठून दांड्यावर आपला हात ठेवला.

“गुणाबाई, राख नगं,” ती म्हणाली. “काल दिसभर, रातभर हापशाचं डोस्कं राखंतच व्हतं. दांडा धरायचा तर तसाच धरा.”

आवाज चढलेला नव्हता. पण वस्तीच्या त्या कोपऱ्यात असं वाक्य आजवर कुणी बोललं नव्हतं, हे सगळ्यांना एकदम कळलं. ग्यानोबा जागच्या जागी उभा राहिला. गुणाबाईंनी चांगुणाकडं बघितलं, मग मागं रांगेकडं बघितलं. कुणीतरी आपल्या बाजूनं बोलेल म्हणून त्या थांबल्या असाव्यात. रांगेतून एक बाई एवढंच म्हणाली, “आटपा की, मामी. लेकरं तान्हेली हायती घरी.”

चांगुणानं दांड्यावरचा हात काढून घेतला आणि ती पुन्हा ओट्यावर जाऊन बसली. आपलं सांगून झालं आहे, आता जे करायचं ते त्यांनी करावं, अशी बसली.

ऊन डोक्यावर आलं होतं. गुणाबाई बराच वेळ मूठ मिटून उभ्या होत्या. मग त्यांनी ती उघडली. थोडी राख वाऱ्यानं गेली, थोडी तळव्याला चिकटली, ती त्यांनी आपल्याच लुगड्याला पुसली. घागर तोटीखाली सरकवली आणि दांडा धरला.

दांडा खाली गेला, तशी चांगुणाची उजवी मूठ पदराखाली आपोआप आवळली गेली. ती गुणाबाईंच्या तोंडाकडं बघत नव्हती. ती कानाकडं बघत होती. दांडा वर आला, खाली गेला, घागरीत पाणी वाजायला लागलं. कान हलला नाही.